तीनशे पार्सलं आणि रिकामा गल्ला: एका नव्या विक्रेतीचं प्रकरण

तीन महिन्यांत तीनशे पार्सलं रवाना झाली होती. पहिल्या महिन्यात ३८, दुसऱ्यात ९७, तिसऱ्यात १६५. आलेख वर चढत होता. चौथ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या विक्रेतीबाईंचा मला फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "विक्री एवढी होतेय, मग नवीन माल उचलायला माझ्याकडे पैसे का नाहीत?"

मी नवख्या ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशोब तपासून देतो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा होता. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. यात आळस नव्हता, फसवणूक नव्हती. माल चांगला होता आणि बाई रात्री जागून पॅकिंग करत होत्या. चुकलं होतं ते वहीच्या एका पानावरचं गणित. बहुतेक नवे विक्रेते ते अगदी तसंच मांडतात, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

वस्तू होती घडी होणारी कापडी साठवणपेटी. कापडाच्या आत जाड पुठ्ठ्याच्या पाट्या, वर झाकण. उघडून उभी केली की बाहेरून ३८ × २८ × २५ सेंटीमीटर, वजन साधारण ६०० ग्रॅम. रंग तीन: करडा, निळा आणि बदामी. पुरवठादाराने ६०० नग एकदम घेतले तर दर कमी लावतो म्हटलं, म्हणून ६०० घेतले. विक्री एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर. पॅकिंग घरीच, आणि बाजारपेठेने ठरवून दिलेल्या कुरिअरचा माणूस पार्सलं उचलून नेत होता.

पुढचे सगळे आकडे पेटीची विक्रीकिंमत १०० धरून दिले आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या वस्तूचे आकडे शेजारी मांडून पाहता येतील.

त्यांच्या वहीतलं पान असं होतं: खरेदी ३२, बाजारपेठेचं कमिशन १५, कुरिअर १२, पॅकिंग ४. बेरीज ६३. प्रत्येक पेटीमागे ३७ उरतात. या ३७ च्या भरवशावर त्यांनी तीनशे पेट्यांचा नफा मनातल्या मनात धरला होता आणि पुढच्या मालाचा आगाऊ शब्दही देऊन बसल्या होत्या.

खोकं मोजलं, वजन नाही

पहिल्या भेटीत मी वही बाजूला ठेवली आणि सेलर अकाउंटमधून पेमेंटचा तपशीलवार अहवाल उतरवून घ्यायला सांगितला. एकूण जमा रक्कम दाखवणारा नको, प्रत्येक ऑर्डरमागची प्रत्येक वजावट वेगळी दाखवणारा. हा अहवाल त्यांनी तीन महिन्यांत एकदाही उघडला नव्हता. बँकेत पडलेली रक्कम पाहून त्या समाधान मानत होत्या. नव्या विक्रेत्याने ॲपवरचा विक्रीचा आलेख आठवड्यातून एकदा पाहिला तरी चालेल, पण हा अहवाल ओळ न ओळ वाचायला हवा.

कुरिअरच्या ओळीत १२ च्या जागी २४ होते. काही ऑर्डरमध्ये आधी १२ कापलेले आणि दोन आठवड्यांनी 'वजनातील तफावत' म्हणून आणखी १२. बाई म्हणाल्या, "चुकून दोनदा कापलंय. मी तक्रार टाकते." मी म्हटलं, तक्रार नंतर टाकू, आधी पॅक केलेलं एक पार्सल आणा आणि मोजायची टेप आणा.

पार्सल ४० × ३० × १० सेंटीमीटरचं होतं. वजनकाट्यावर भरलं ७०० ग्रॅमच्या आसपास. पण कुरिअर कंपन्या फक्त काटा पाहत नाहीत. गाडीत आणि विमानात जागा विकली जाते, त्यामुळे हलक्या पण मोठ्या खोक्याचं आकारमानावरून वजन काढतात, आणि दोन्हींतलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. त्याची प्रचलित रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४० × ३० × १० म्हणजे १२०००. भागिले ५०००, उत्तर २.४ किलो. दरपत्रकात पायरी अर्ध्या किलोची होती, म्हणून पैसे लागले अडीच किलोचे. दोनदा कापलं नव्हतं. पहिल्यांदा कापलं ते त्यांनी लिस्टिंगमध्ये, म्हणजे बाजारपेठेवरच्या वस्तूच्या पानात, भरलेल्या वजनावरून, दुसऱ्यांदा कुरिअरच्या मशीनने खोकं मोजल्यावर.

खोकं एवढं उंच का, हे विचारलं तर उत्तर मिळालं की त्या मापाची तयार खोकी स्वस्तात मिळाली. घडी केलेली पेटी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जाडीची. उरलेल्या जागेत कागदाचे बोळे. म्हणजे प्रत्येक पार्सलमागे त्या दीड किलो हवा पाठवत होत्या आणि त्या हवेचं भाडं भरत होत्या.

भागाकाराचा आकडा कंपनीनुसार आणि सेवेनुसार बदलतो, तेव्हा आपल्या कुरिअरचा आकडा दरपत्रकात पाहून घ्यावा. पण वस्तू ठरवण्याआधीच हा भागाकार करावा, माल घरात आल्यावर नाही, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. काही वस्तू या एका गणितावर बाद होतात आणि तेव्हा एकही पैसा गेलेला नसतो.

परत आलेल्या ४८ पेट्या

तीनशेपैकी ४८ पेट्या परत आल्या होत्या. शंभराला सोळा. बाईंना संख्या माहीत होती, पण त्यांच्या मनातलं चित्र असं होतं की पेटी परत आली, ग्राहकाचे पैसे परत गेले, पेटी पुन्हा विकता येईल, फिटंफाट. प्रत्यक्षात परत आलेल्या पार्सलाला जातानाचं भाडं लागलेलं असतं, येतानाचं वेगळं लागतं, पॅकिंग वाया जातं आणि जाहिरातीवर खर्च झालेला पैसा परत येत नाही. कमिशन बहुतांश परत मिळतं, पण पूर्ण मिळेलच असं नाही. इथे १५ पैकी ३ बाजारपेठ ठेवून घेत होती. आणि ४८ पैकी निम्म्या पेट्या पुन्हा विकण्याजोग्या उरल्या नव्हत्या.

आम्ही दुपारभर बसून परतीचं प्रत्येक कारण वाचलं. ग्राहक यादीतून जे कारण निवडतो ते फारसं विश्वासाचं नसतं. खाली तो स्वतःच्या शब्दांत जे लिहितो ते सोन्यासारखं असतं. २१ जणांचं म्हणणं एकच होतं: फोटोत मोठी वाटली, हातात आली तर लहान. १३ पेट्यांचे कोपरे दुमडलेले किंवा पाट्या वाकलेल्या. ५ जणांना रंग वेगळा वाटला. ६ जणांनी मन बदललं म्हणून परत केली. उरलेली ३ कारणं किरकोळ.

२१ चा आकडा पाहून बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण माप तर दिलंय की खाली." दिलं होतं, वर्णनाच्या सातव्या ओळीत, आणि तेही बाहेरचं. पेटी घेणाऱ्याला आत काय मावतं हे हवं असतं. आतलं माप ३६ × २६ × २४ होतं. मुख्य फोटोत लहान मुलांचे कपडे घड्या करून रचले होते, त्यामुळे तीच पेटी ट्रंकेएवढी दिसत होती. फोटो काढणाऱ्याने तो जीव ओतून काढला होता. पण त्या फोटोने ग्राहकाला जे कबूल केलं ते पेटी देऊ शकत नव्हती.

आणि १३ दुमडलेल्या पेट्या? त्याचंही मूळ त्याच दहा सेंटीमीटर उंच खोक्यात निघालं. आत वस्तू हलत होती, कागदाचे बोळे दबत होते आणि वर दुसरं पार्सल पडलं की खोक्याचा मधला पोकळ भाग खचत होता. खोकं मोठं म्हणजे वस्तू सुरक्षित, हा समज अगदी उलटा आहे.

मग जाहिरात

पहिल्या महिन्यात त्यांनी जाहिरात केली नव्हती. दुसऱ्या महिन्यात ॲपनेच सुचवलेली आपोआप चालणारी जाहिरात सुरू केली, रोजची मर्यादा घातली आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. तीन महिन्यांची सरासरी काढली तर पाठवलेल्या प्रत्येक पेटीमागे १४ जाहिरातीवर गेले होते. वहीत ही ओळच नव्हती.

आपोआप चालणारी जाहिरात वाईट नसते. नव्या माणसाला ग्राहक काय शब्द टाकून शोधतो हे कळण्याचा तो चांगला मार्ग आहे, मात्र शोधशब्दांचा अहवाल वाचला पाहिजे. या अहवालात पेटीची जाहिरात 'प्लास्टिकची पेटी', 'बुटांचा रॅक', 'सहलीची बास्केट', 'खेळण्यांचा मोठा डबा' अशा शब्दांवर दिसली होती. लोक क्लिक करत होते, पाहत होते आणि निघून जात होते. प्रत्येक क्लिकचे पैसे लागत होते.

विक्री ज्या शब्दांवर झाली ते साधे होते: 'कपडे ठेवायची पेटी', 'घडीची पेटी झाकणासह', 'कपाटात ठेवायची कापडी पेटी'. आणि लिस्टिंगचं शीर्षक काय होतं? प्रीमियम, एलिगंट, मल्टिपर्पज, लक्झरी. या शब्दांनी पेटी कोणीच शोधत नाही.

शंभर पार्सलांचा खरा हिशोब

आता सगळं एकत्र मांडतो. एका पेटीचा हिशोब मी मुद्दाम मांडत नाही, कारण एका पेटीत परतीचा खर्च दिसत नाही. शंभर पाठवल्या असं धरू.

ग्राहकाकडे राहिल्या ८४, म्हणजे आले ८४००. माल खर्ची पडला ९२ पेट्यांचा, ८४ विकलेल्या आणि ८ निकामी झालेल्या, त्याचे २९४४. कमिशन ८४ विक्रीवर १२६० आणि परतीच्या १६ वर ४८, मिळून १३०८. जातानाचं कुरिअर २४००, येतानाचं ३८४. पॅकिंग ४००. जाहिरात १४००. खर्चाची बेरीज ८८३६.

आले ८४००, गेले ८८३६. शंभर पार्सलांमागे ४३६ चा तोटा. जिथे ३७ उरतात असं वाटत होतं तिथे दर पार्सलामागे चारच्या वर खिशातून जात होते. विक्री वाढली की तोटाही वाढत होता, त्यामुळे तिसरा महिना सगळ्यात जोरात आणि सगळ्यात महागात पडला. यात त्यांची रात्रीची मेहनत आणि कर धरलेलेच नाहीत.

हे तीन महिने दिसलं नाही, त्याला पैसे मिळण्याची पद्धतही कारण आहे. ग्राहकाने पैसे दिले म्हणजे विक्रेत्याला मिळाले असं नसतं. परतीची मुदत लक्षात घेऊन बाजारपेठ काही रक्कम राखून ठेवते आणि ठरावीक दिवसांनी सेटलमेंट करते, म्हणजे हिशोब चुकता करते. आम्ही तारखा लावून पाहिल्या तर ऑर्डर आल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंत सरासरी २३ दिवस जात होते, आणि वजनाच्या तफावतीची, परतीची वजावट त्याहून उशिरा. म्हणजे जानेवारीचा तोटा फेब्रुवारीच्या पैशांत झाकला जातो आणि फेब्रुवारीचा मार्चच्या. विक्री चढती असेपर्यंत सगळं बरं चाललंय असंच वाटतं.

मध्येच खात्यावर आलेलं संकट

हिशोब चालू असतानाच एका सकाळी त्यांची लिस्टिंग शोधात दिसेनाशी झाली. सोबत सूचना: ऑर्डर रद्द करण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं आहे, खुलासा करा.

झालं होतं असं. करड्या पेट्या संपत आल्या होत्या. त्याच पेट्या बाई दुसऱ्या एका साइटवर आणि ओळखीच्यांनाही विकत होत्या. शिल्लक माल वहीत लिहिलेला, ॲपवर मात्र जुनाच आकडा. त्यामुळे नसलेल्या पेट्यांच्या ऑर्डर आल्या आणि तिसऱ्या महिन्यात १७४ पैकी ९ त्यांना रद्द कराव्या लागल्या. शंभराला पाचपेक्षा थोडं जास्त. ऐकायला कमी वाटतं. पण ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेचे जाहीर निकष पाहिले तर पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डर २.५ टक्क्यांच्या खाली, उशिरा पाठवलेल्या ४ टक्क्यांच्या खाली आणि सदोष ठरलेल्या ऑर्डर १ टक्क्याच्या खाली असाव्या लागतात. नव्या विक्रेत्याच्या ऑर्डरच थोड्या, त्यामुळे चार-दोन चुकांनीही टक्केवारी उडी मारते.

बाईंनी रागाच्या भरात एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. मी किती कष्ट करते, माझी चूक नव्हती, मोठे विक्रेते काय वाटेल ते करतात. सुदैवाने पाठवलं नव्हतं. त्यांचा राग मला समजत होता. तीन महिने ज्यावर उभे राहिलो ती जमीन एका सूचनेत सरकते तेव्हा माणूस हादरतो. पण समोरचा तपासनीस दिवसभर असे खुलासे वाचत असतो आणि त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: नेमकं काय चुकलं, आत्तापर्यंत काय दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय व्यवस्था केली.

आम्ही नव्याने लिहिलं. करड्या रंगाचा साठा दोन ठिकाणी विकला जात होता आणि शिल्लक हाताने बदलली जात होती, त्यामुळे ९ ऑर्डर रद्द झाल्या. दुसऱ्या ठिकाणची विक्री बंद केली आहे, सर्व साठा मोजून आकडे दुरुस्त केले आहेत. यापुढे रोज सकाळी मोजणी होईल आणि प्रत्येक रंगाचे शेवटचे ५ नग ॲपवर दाखवलेच जाणार नाहीत. अर्धं पान. एकही विशेषण नाही. चार दिवसांनी लिस्टिंग परत दिसू लागली.

हे ५ नग झाकून ठेवणं अनेकांना नुकसानीचं वाटतं. मला तो सर्वात स्वस्त विमा वाटतो.

दुरुस्तीचा क्रम

बाईंना सगळ्यात आधी जाहिरात बदलायची होती. मी आग्रहाने ती पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवायला लावली. गळक्या हंड्यात पाणी ओतत राहण्यात काय हशील?

पहिलं काम खोक्याचं. ४० × ३० × ४ सेंटीमीटरचं चपटं खोकं करून घेतलं, पेटीच्या दोन्ही बाजूंना पन्हळीदार (कोरुगेटेड) पुठ्ठ्याचा एकेक तुकडा, आत काही हलणार नाही असं घट्ट. गुणाकार ४८००, भागिले ५०००, म्हणजे ०.९६ किलो. एक किलोच्या पायरीत जेमतेम बसलं. उंची अर्धा सेंटीमीटर जरी वाढली असती तरी १.०८ किलो झालं असतं आणि पुढची पायरी लागली असती, म्हणून खोकं बनवणाऱ्याला बाहेरचं माप लिहून दिलं आणि नमुना स्वतः मोजून घेतला. कुरिअर २४ वरून १३ वर आलं. पॅकिंग ४ चं ५ झालं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. दुमडलेल्या कोपऱ्यांच्या तक्रारी जवळपास थांबल्या.

दुसरं काम लिस्टिंगचं. मुख्य फोटोसाठी बऱ्याच बाजारपेठांचे नियम ठरलेले असतात. ॲमेझॉनवर पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) २५५, २५५, २५५, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायचा असतो, आणि फोटो मोठा करून पाहता यावा यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. हे पाळायला सोपं आहे. खरं काम दुसऱ्या फोटोने केलं. पेटी वरून उघडी, तळाशी ए-४ आकाराचा एक कोरा कागद, आणि कडेने आतली मापं. २१ × २९.७ सेंटीमीटरचा हा कागद सगळ्यांनी हाताळलेला असतो. आकडा न वाचणाऱ्यालाही पेटी केवढी ते क्षणात कळतं. तिसऱ्या फोटोत पेटीत काय मावलं ते: घडी केलेले सहा शर्ट आणि दोन पँट, आणि शेजारी न मावलेली रजाई. रजाईचा फोटो टाकायला बाई तयार नव्हत्या. "ग्राहक पळेल ना!" पळणारा ग्राहक आधीच पळालेला बरा, तो पळाल्याचं दोन्हीकडचं भाडं आपल्याला लागत नाही. शेवटी त्यांनी टाकला.

शीर्षकातून विशेषणं काढली आणि शोधशब्दांच्या अहवालातले शब्द आणि आतलं माप घातलं. फिका दिसणारा निळा रंग दिवसाच्या उजेडात पुन्हा टिपला.

मग जाहिरात. आपोआप चालणारी बंदच ठेवली. विक्री झालेले शब्द निवडून त्यांवर हाताने बोली लावली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार ते ठरवून भरलं, आणि 'प्लास्टिक', 'बूट', 'खेळणी', 'बास्केट' हे शब्द वर्ज्य यादीत टाकले. बोली किती लावायची याचं गणितही सांगतो, कारण इथे लोक अंदाजाने आकडा टाकतात. एका ऑर्डरमागे जाहिरातीवर जास्तीत जास्त ९ परवडतात आणि १०० क्लिकमागे ६ ऑर्डर येतात असं धरलं, तर १०० क्लिकला ५४, म्हणजे एका क्लिकला ०.५४. त्याच्या वर बोली गेली तर तो शब्द दुसऱ्यांना देऊन टाकायचा. वाईट वाटतं, पण द्यायचा.

रिव्ह्यूंबद्दल आमचा थोडा वादच झाला. पानावर रिव्ह्यू कमी होते आणि त्यांच्या मनात नातेवाईकांकडून वीस-पंचवीस लिहून घ्यायचे होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्येच फुकट किंवा सवलतीच्या वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू घेण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोटे रिव्ह्यू विकत घेण्या-विकण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. पत्ता, पेमेंट, मोबाइल जुळले की संबंध उघडा पडतो आणि मग खातंच जातं. नियम सोडा, ज्या अनोळखी माणसाने पाने चाळून आपल्यावर विश्वास ठेवायचा त्याला फसवून सुरुवात करणं मला पटत नाही. त्याऐवजी बाजारपेठेचं स्वतःचं 'रिव्ह्यू मागा' हे बटण प्रत्येक पोहोचलेल्या ऑर्डरवर नियमाने दाबायचं ठरलं. रिव्ह्यू हळूहळू येतात. येऊ द्यावेत.

त्याच पानावर आलेला दुसरा विक्रेता

दुरुस्तीच्या पाचव्या आठवड्यात त्याच पुरवठादाराची तीच पेटी घेऊन दुसरा विक्रेता बाईंच्याच लिस्टिंगवर येऊन बसला, किंमत ९०. बाईंना हा अन्याय वाटला. फोटो माझे, मजकूर माझा, आणि विकणार तो?

ही रचना मोठ्या बाजारपेठांच्या मुळाशीच आहे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००० मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांना आपल्याच वस्तूंच्या पानावर जागा दिली. एक वस्तू, एक पान, विक्रेते अनेक. १९९९ मध्ये त्यांच्या एकूण विक्रीत अशा विक्रेत्यांचा वाटा ३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला, हे आकडे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात दिले आहेत. म्हणजे कोणाकडेही मिळणारी वस्तू विकायला घेतली की पान आपलं राहील ही अपेक्षाच ठेवता येत नाही.

बाईंना किंमत ८९ करायची होती. आम्ही शंभर पार्सलांचा तक्ता पुन्हा उघडला. किंमत ११ ने उतरली तर कमिशनही थोडं उतरतं, पण उरणाऱ्यातून प्रत्येक विकलेल्या पेटीमागे ९ च्या वर जातात. आणि समोरचा ८८ करणार, हेही उघड होतं. आम्ही किंमत हलवली नाही. दोन वेगळ्या मापाच्या कापडी पट्ट्या आणि नावाची चिठ्ठी लावायचा कप्पा जोडून दोन पेट्यांचा संच केला, त्याला स्वतःचं बोधचिन्ह आणि बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ संस्थेकडून रीतसर घेतलेला बारकोड लावला, आणि नवीन लिस्टिंग उघडली. पूर्वीचा बारकोड कुठूनसा स्वस्तात घेतलेला होता आणि तो भलत्याच कंपनीच्या नावावर नोंदलेला निघाला. त्याच्या आधाराने लिस्टिंगवर हक्क सांगणं अशक्य होतं. संचाचं खोकं ४० × ३० × ८, म्हणजे १.९२ किलो, दोन किलोच्या पायरीत. दोन पेट्या एका ऑर्डरमध्ये जातात म्हणून जाहिरातीचा खर्च दोन्ही पेट्यांत वाटला जातो.

सुट्या पेटीची विक्री या काळात घटली. ती घटणारच होती.

आकडे आता

दुरुस्तीनंतरच्या सुट्या पेट्यांच्या शंभर पार्सलांचा हिशोब असा. परत आल्या ७, त्यांतल्या २ निकामी. जमा ९३००. माल ३०४०, कमिशन १४१६, जातानाचं कुरिअर १३००, येतानाचं ९१, पॅकिंग ५००, जाहिरात ८००. खर्च ७१४७. उरले २१५३, म्हणजे पार्सलामागे साडेएकवीस. वहीतल्या ३७ पेक्षा बरेच कमी, पण हे खरोखर हातात येतात.

मधले दिवस सोपे नव्हते. जाहिरात बंद होती त्या पंधरवड्यात आठ ऑर्डर आल्या. एका संध्याकाळी बाईंनी सगळा माल घाऊक भावात काढून टाकते असं सांगितलं. घरात जवळपास निम्मा माल होता, पुरवठादाराला दिलेला शब्द होता. तो शब्द त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून मागे घेतला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं ते सर्वात अवघड काम होतं. पुरवठादाराने पुन्हा तीच सवलत पुढे केली होती. ६०० नगांचा स्वस्त दर घेऊन निम्मा माल महिनोन्‌महिने पडून राहण्यापेक्षा १०० नग थोडे महाग घेतलेले परवडतात. पहिल्या लॉटमधून माल नव्हे, माहिती विकत घ्यायची असते. आणि माल बाजारपेठेच्या गोदामात ठेवला असता तर पडून राहिलेल्या प्रत्येक महिन्याचं भाडं लागलं असतं, जुना झाल्यावर जादा आकारही.

गोदामाचा विचार त्यांनी आता सुरू केला आहे, फक्त संचासाठी. पहिली शंभर-दीडशे पार्सलं स्वतः पॅक केल्याखेरीज कोणी ते काम दुसऱ्याकडे देऊ नये असं माझं मत आहे. कुठे खोकं खचतं, कुठली घडी अडते, हे हाताला कळतं.

मागच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. दारामागे टांगायच्या कप्प्यांची नवी वस्तू त्यांना एका पुरवठादाराने दाखवली होती, दिसायला सुरेख, दरही चांगला. मी काही विचारायच्या आत त्यांनी एक कागद पुढे केला. वर वस्तूचा फोटो नव्हता, किंमतही नव्हती. पहिल्या ओळीत पॅक केलेल्या खोक्याचं माप, ४५ × ३५ × २०. त्याखाली प्रत्यक्ष वजन दीड किलो, आणि त्याखाली भागाकाराचं उत्तर, ६.३ किलो. त्यावर त्यांनी स्वतःच आडवी रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं: घडी साडेचार सेंटीमीटरच्या आत बसत असेल तरच नमुना मागवायचा.